तीन लेन्स, तीन जागची बुरशी

या खेपेला टेबलावर कॅमेऱ्याच्या तीन जुन्या लेन्स आहेत: हेलिओस ४४-२, सुपर टाकुमार ५५ मिमी एफ १.८ आणि ज्युपिटर ३७ए. बुरशी तिघींनाही लागलेली, पण प्रत्येकीत वेगळ्या जागी. काम किती निघणार, हे बुरशी किती आहे त्यापेक्षा ती नेमकी कुठे बसली आहे यावरच ठरतं.

म्हणून उघडण्याआधीच्या पाहणीला मी भरपूर वेळ देतो. ॲपर्चर (प्रकाश आत सोडणारं, पात्यांनी लहानमोठं होणारं भोक) पूर्ण उघडायचं, मागून टॉर्च तिरका धरायचा आणि समोरून बघायचं. बुरशी कडेकडून आत सरकते आणि तिच्या बारीक धाग्यांना फाटे फुटलेले असतात. काच सगळीकडे सारखीच दुधाळ दिसत असेल तर तो बहुधा ग्रीसच्या वाफेचा थर. तो आयसोप्रोपिल अल्कोहोलने निघतो. कडेला इंद्रधनुषी चकाकी दिसली तर दोन भिंगांना जोडणारा बाल्सम नावाचा गोंद सुटत चाललाय. आणि सगळी काचच पिवळसर असेल तर त्यात बुरशीचा काही संबंध नाही. काही टाकुमारांमध्ये थोरियम असलेली काच आहे (५० मिमी एफ १.४ ची सात भिंगांची आवृत्ती त्यासाठी प्रसिद्धच आहे), ती कालांतराने पिवळी पडते आणि अतिनील दिव्याखाली ठेवली की बरीच निवळते.

हेलिओसपासून सुरुवात केली, कारण ती सर्वात सोपी. बुरशी पुढच्या सुट्या भिंगाच्या आतल्या बाजूला होती आणि तिथवर पोचायला हेलिकॉइडला (फोकससाठी लेन्स पुढेमागे सरकवणाऱ्या आट्यांना) हात लावावा लागत नाही. ३ टक्के हायड्रोजन पेरॉक्साइड आणि घरगुती अमोनिया समप्रमाणात, लागेल तेवढंच, त्याच वेळी मिसळलेलं. हे मिश्रण बाटलीत झाकण लावून ठेवू नका, आत वायू साठतो. खिडकी उघडी ठेवा. आणि ज्या अमोनियाने काम करताय त्याच्या आसपास ब्लीच अजिबात नको.

धागे कापसाच्या पहिल्याच फिरवणीत निघून जातात आणि इथेच बरेच जण थांबतात. काच स्वच्छ दिसतेही. मग तिच्यावर हलका श्वास सोडा: वाफ धरली की पुसलेल्या धाग्यांचा अख्खा नकाशा पुन्हा उमटतो, कारण उरलेल्या अंशावर वाफ वेगळी बसते. हेलिओसचा नकाशा आणखी दोनेक फिरवण्यांनंतर गेला. शेवटचा हात अल्कोहोलचा, पण कापूस कडेपासून लांब ठेवून; कडेचा काळा रंग अल्कोहोलने विरघळतो आणि सगळ्या काचेवर पसरतो. तो रंग भिंगात इकडेतिकडे उसळणारा प्रकाश गिळायला असतो, त्यामुळे तो गेला तर बुरशी परवडली म्हणायची वेळ येते.

भिंग काढताना कडेवर पेन्सिलची खूण करा. दोन्ही बाजू फुगीर असलेल्या भिंगात उलटसुलट ओळखायला आणखी एक युक्ती आहे: दिव्याचं प्रतिबिंब दोन्ही बाजूंना बघा, ज्या बाजूला ते लहान दिसतं तिची वक्रता जास्त.

टाकुमारने जास्त घाम काढला. पुढची नावाची रिंग रबरी शंकू दाबून फिरवली की सुटते, पण आतल्या एका रिंगच्या आट्यांत जुनं वार्निश मुरलेलं होतं. स्पॅनर (रिंगच्या खाचांत बसणारा पाना) घसरला की काचेवर ओरखडा ठरलेलाच, म्हणून जोर लावण्याऐवजी सुईच्या टोकाने ॲसिटोनचा थेंब आट्यांत सोडला आणि वाट पाहिली. ॲसिटोन रंगाला आणि प्लॅस्टिकला खातो, तेव्हा थेंब म्हणजे खरोखर थेंबच. स्क्रूंबद्दलही सांगून ठेवतो: जपानी लेन्सना जेआयएस (जपानी औद्योगिक मानक) टोकाचा ड्रायव्हर लागतो, साध्या फिलिप्सने त्यांची डोकी झिजतात.

बुरशी निघाली. पण परावर्तित प्रकाशात भिंग तिरकं धरलं की कोटिंगच्या (काचेवरच्या परावर्तन कमी करणाऱ्या पातळ थराच्या) रंगात फिकट, फाटे फुटलेल्या रेघा दिसतात. बुरशीने सोडलेल्या आम्लाने तिथलं कोटिंग खाल्लंय, ते कुठल्याही द्रावणाने परत येणार नाही. सेरियम ऑक्साइडने घासून रेघा घालवता येतात, पण त्याबरोबर उरलेलं चांगलं कोटिंगही जातं. मला हा सौदा पटत नाही. बाजूच्या उजेडात काढलेल्या फोटोत मला काही फरक दिसला नाही. सूर्य चौकटीत आला की मात्र कॉन्ट्रास्ट पडतो.

ज्युपिटरची बुरशी जोडभिंगाच्या सांध्यात शिरली आहे. तिथवर कापूस पोचत नाही. सांधा सोडवून अतिनील प्रकाशात घट्ट होणाऱ्या गोंदाने पुन्हा जोडणारे हौशी आहेत, पण दोन्ही भिंगांचे अक्ष बरोबर जुळवणं हे घरच्या टेबलावरचं काम नाही, असं माझं मत. बुरशी फक्त कडेला आहे आणि हे जोडभिंग ॲपर्चरच्या जवळ बसतं, त्यामुळे ॲपर्चर एफ ५.६ इतकं लहान केलं की ती कड बाहेरच राहते. हुड (कडेचा प्रकाश अडवणारी कड) लावून वापरतोय.

लेन्स उन्हात ठेवून बुरशी मारण्याचा सल्ला नेहमी मिळतो. त्याने धागे मेले तरी जागचे हलत नाहीत, आणि उन्हाकडे तोंड केलेली लेन्स पलीकडे काहीतरी पेटवू शकते. बीजाणू हवेत असतातच. सापेक्ष आर्द्रता ७० टक्क्यांवर आणि तीही तीन दिवसांहून जास्त राहिली की त्यांना फावतं. त्यात अंधार आणि कोंडलेली हवा मिळाली की झालंच. लेन्स ठेवायचा माझा डबा ४० ते ५० टक्क्यांवर असतो. चामड्याची मूळ केस कितीही देखणी असली तरी ती ओल धरते, तिच्यात लेन्स ठेवत नाही.

आता टाकुमारची फोकस रिंग जड फिरतेय, म्हणजे हेलिकॉइड उघडणं आलं. तिथे आटे एकाहून जास्त जागी सुरू होतात, म्हणून ते ज्या बिंदूला सुटतात तिथे खूण केली नाही तर परत लावल्यावर अनंतावरचा फोकस जुळत नाही. अडलंय ते ग्रीसवर. फार पातळ घेतलं तर त्यातलं तेल सुटून ॲपर्चरच्या पात्यांवर उतरतं, दाट घेतलं तर रिंग आहे तशीच जड राहते. एम ४२ च्या (कॅमेऱ्याला आट्यांनी बसणाऱ्या) जुन्या लेन्स उघडलेल्यांनी कोणतं वापरलं आणि वर्षभराने पाती कोरडी होती का, ते सांगा.