तुम्ही विचारलेत म्हणून : भूकंपांची ती यादी मी रोज का पाहते

"रोज सकाळी उठून ती भूकंपांची यादी बघून तुला मिळतं तरी काय?" हा प्रश्न लातूरहून मावशी विचारते, पुण्याच्या मैत्रिणी विचारतात आणि इथे जपानमधल्या कानाझावात कचेरीतले जपानी सहकारीही, जरा आडवळणाने, विचारतात. या प्रश्नाच्या पोटात आणखी एक प्रश्न असतो. तो फक्त मावशीने एकदा उघडपणे विचारला. यादीवरून भूकंप कधी येणार हे कळत नसेल, तर ती पाहण्यात अर्थ काय. आणि कळत असेल, तर २०२४च्या नोतोच्या भूकंपाच्या वेळी तू तुझ्या जपानी शिकवणाऱ्या बाईंना आधीच तिथून का हलवले नाहीस? पहिल्या प्रश्नाला मी अनेक वर्षे थातूरमातूर उत्तरे देत आले. दुसऱ्याला तसे उत्तर देता येत नाही, म्हणून हे लिहिते आहे.

जपानमध्ये जमीन हलली आणि ती कुणाला जाणवण्याइतकी असली, की हवामान संस्था काही मिनिटांत तिची नोंद जाहीर करते: वेळ, केंद्राचे ठिकाण, खोली, मॅग्निट्यूड आणि कुठे किती 'शिंदो'. या नोंदी म्हणजेच माझी ती यादी. एरवीच्या वर्षात अशा नोंदी दोन हजारांच्या आसपास होतात, म्हणजे दिवसाला पाच-सहा. तुमच्यापर्यंत पोहोचतो तो यातला एकच आकडा, मॅग्निट्यूडचा. तो जमिनीखाली मोकळ्या झालेल्या ऊर्जेचा असतो आणि एका भूकंपाला एकच असतो. शिंदो मात्र गावागणिक वेगळा, कारण त्या जागी जमीन प्रत्यक्षात किती हलली ते तो सांगतो. शून्य ते सात असे हे माप आहे आणि त्यात पाच व सहा यांचे 'कमी' आणि 'अधिक' असे दोन-दोन भाग आहेत. ते १९९६ मध्ये, कोबेच्या भूकंपाच्या पुढच्या वर्षी, पाडले गेले. ८ ऑगस्ट २०२४ रोजी दक्षिणेकडच्या क्युशू बेटाच्या पूर्वेला समुद्रात ७.१चा भूकंप झाला तेव्हा तुम्ही सगळ्यांनी मला फोन केलेत. मी तिथून शेकडो किलोमीटर दूर होते. तुमच्या काळजीबद्दल माझी तक्रार नाही, पण फोनवर "सात पॉइंट एक!" एवढेच पुन्हा पुन्हा ऐकू येते, तेव्हा खरोखर कोणत्या गावची माणसे संकटात आहेत हे विचारायला कुणाला सुचत नाही, याचे मला वाईट वाटते.

त्याच दिवशी सरकारने जपानच्या दक्षिणेला समुद्रतळाशी असलेल्या नानकाई खंदकातल्या महाभूकंपाची शक्यता नेहमीपेक्षा वाढली असल्याची सूचना इतिहासात पहिल्यांदा दिली आणि आठवडाभराने ती मागे घेतली. तो आठवडा तुम्ही मला "येणार की नाही ते सांग" असे विचारत राहिलात. शक्यता वाढली याचा अर्थ भूकंप येणारच असा नव्हता, आणि आठवडा सरला याचा अर्थ धोका टळला असाही नव्हता. पुढच्या वर्षी तर कुणीतरी पसरवलेली '५ जुलै २०२५'ची तारीख घेऊन फोन आले. दिवस, जागा आणि आकार नेमका सांगणारा भूकंपाचा अंदाज आजच्या विज्ञानाला शक्य नाही आणि अशी भाकिते म्हणजे अफवा आहेत, असे हवामान संस्थेच्या प्रमुखांनी जाहीरपणे सांगितले होते. नेमके त्याच सुमारास दक्षिणेकडच्या तोकारा बेटांवर भूकंपांची रांग लागली होती; २१ जूनपासून सुरू झालेल्या त्या रांगेतल्या जाणवणाऱ्या धक्क्यांची संख्या पुढे दोन हजारांवर गेली. ३ जुलैला आकुसेकी बेटावर 'सहा-कमी' शिंदो नोंदला गेला आणि तिथल्या रहिवाशांना बोटीने कागोशिमाला जावे लागले. त्या मूठभर माणसांना कित्येक रात्री झोप मिळाली नव्हती. तुम्ही विचारत होतात ते तारखेबद्दल.

आता नोतो.

नोतो हे कानाझावाच्या उत्तरेला जपानच्या समुद्रात शिरलेले द्वीपकल्प आहे, आणि त्याच्या टोकाला सुझू नावाचे गाव आहे. मला जपानी शिकवणाऱ्या सेन्सेई, म्हणजे माझ्या बाई, निवृत्तीनंतर तिथल्या वडिलोपार्जित घरी राहायला गेल्या. शेजारच्याच घरात त्यांची थोरली बहीण राहत असे. २०२०च्या डिसेंबरपासून सुझूच्या खाली लहान लहान भूकंप सुरू झाले आणि ते थांबेनात. खोलवरून वर येणारे द्रव खडकांच्या भेगांत शिरत असावेत, असे शास्त्रज्ञांचे म्हणणे होते. १९ जून २०२२ रोजी ५.४चा भूकंप झाला. ५ मे २०२३ रोजी ६.५चा झाला आणि सुझूत शिंदो 'सहा-अधिक'पर्यंत गेला. त्या मे महिन्यात सेन्सेईंनी मला फोनवर विचारले, "तू रोज यादी पाहतेस ना? मग सांग, मी घर सोडावं का?"

मी त्यांना तेच सांगितले जे सरकारच्या भूकंप समितीच्या मूल्यमापनात दर महिन्याला लिहिलेले असे: ही हालचाल आणखी काही काळ चालू राहील असे दिसते. धक्क्यांची संख्या घटते आहे, पण ती थांबलेली नाही. घराचे खांब तपासून घ्या, कपाटे भिंतीला बांधा, रात्री बूट उशाशी ठेवा, हेही मी सांगितले. त्या म्हणाल्या, "म्हणजे तुलाही माहीत नाही." मी म्हटले, "नाही, सेन्सेई." आमचे बोलणे तिथेच संपले. मी जे सांगितले त्यातला शब्द न् शब्द बरोबर होता, आणि तेवढ्याने काही भागणार नव्हते. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत, हे मावशीला मी अजून पटवू शकलेले नाही.

१ जानेवारी २०२४. नववर्षाची सुट्टी होती आणि मी घरीच होते. दुपारी ४ वाजून ६ मिनिटांनी सुझूखाली ५.५चा भूकंप झाला, शिंदो 'पाच-अधिक'. नोंद दिसताक्षणी मी सेन्सेईंना फोन लावला आणि त्यांनी लगेच उचलला. त्यांचा आवाज शांत होता, कारण अशा धक्क्यांची त्यांना तीन वर्षांची सवय होती. "पुन्हा आला. मी ठीक आहे. ताईकडे जाऊन बघते," एवढे बोलून त्यांनी फोन ठेवला. ४ वाजून १० मिनिटांनी ७.६चा भूकंप आला. सुमारे दीडशे किलोमीटर लांबीच्या पट्ट्यात भेग फाटत गेली. कानाझावातही शिंदो 'पाच-अधिक' होता. माझ्या घरातली जमीन थांबेल असे वाटेना. दोन मिनिटांत त्सुनामीचा इशारा निघाला आणि ४ वाजून २२ मिनिटांनी नोतोसाठी तो सर्वोच्च पातळीवर गेला. ती पातळी २०११ नंतर पहिल्यांदाच वापरली गेली. दूरचित्रवाणीवरची निवेदिका अक्षरशः ओरडून लोकांना उंचावर पळायला सांगत होती, थांबू नका, मागे फिरू नका म्हणत होती. मी पुन्हा फोन लावला. तो लागला नाही आणि पुढे कित्येक दिवस लागला नाही.

त्या रात्री मी यादी पाहत बसले, हे खरे आहे. दुसरे काय करणार होते? रस्ते तुटले होते. नोतोतल्याच वाजिमा शहराच्या बाजारात आग लागलेली पडद्यावर दिसत होती. नकाशावर सात शिंदो फक्त शिका गावाजवळ दाखवला होता. सुझू आणि वाजिमा 'सहा-अधिक'. त्यात वाजिमाच्या मोन्झेन भागाचा आकडाच नव्हता, कारण तिथल्या यंत्राची नोंद हवामान संस्थेपर्यंत पोहोचलीच नव्हती. ती नंतर प्रत्यक्ष हाती आली आणि २५ जानेवारीला जाहीर झाले की तिथेही शिंदो सातच होता. त्याच किनाऱ्यावर समुद्रतळ काही ठिकाणी चार मीटरपर्यंत वर उचलला गेला आणि लहान बंदरे कोरडी पडली. वाजिमा बंदरातल्या यंत्राने ४ वाजून २१ मिनिटांनी १.२ मीटरहून अधिक उंचीचे पाणी नोंदवले आणि पुढची नोंद आलीच नाही. यादी पाहण्याचा माझा सारा दृष्टिकोन त्या रात्रीने बदलला. तोवर मी मोठे आकडे शोधत असे. आता मी प्रथम पाहते, कोणत्या गावाचा आकडा यायला हवा होता आणि आलेला नाही.

सेन्सेई एका शाळेतल्या निवाऱ्यात सापडल्या. पहिल्या धक्क्यानंतर त्या अंगणातून बहिणीच्या घराकडे निघाल्या होत्या आणि दुसरा आला तेव्हा दोन्ही घरांच्या मधे उभ्या होत्या. बहिणीचे घर त्यांच्या डोळ्यांदेखत बसले. बहीण आत होती.

त्या भूकंपात थेट मरण पावलेल्यांची संख्या २२८ आहे. पुढे निवाऱ्यांत, थंडीने, आजाराने गेलेल्यांची त्याहून अधिक झाली. पुष्कळजण कोसळलेल्या घरांखाली गेले. सुझूतली निम्म्याच्या आसपासच घरे १९८१ नंतरच्या भूकंपरोधक नियमांना उतरणारी होती. शिवाय त्या भागासाठी १९९०च्या दशकात केलेल्या एका सरकारी अंदाजात भूकंप ७.० आणि मृत्यू ७ असे धरले होते, आणि तो अंदाज पुढे पाव शतकाहून अधिक काळ तसाच ठेवला गेला. तीन वर्षे यादीत दिवसेंदिवस त्याच ठिकाणाचे नाव येत असताना तो कागद बदलला नाही, याची मला जास्त चीड येते. "तारीख का सांगितली नाही" असे विचारणारे हा प्रश्न क्वचितच विचारतात.

मावशीवर रागावण्याचा मला अधिकार नाही, हेही लिहिले पाहिजे. माझे आजोळ किल्लारीच्या पंचक्रोशीतले. १९९२च्या पावसाळ्यानंतर तिथेही असेच लहान धक्के बसत होते. आजोबा, मामा, मावशी सगळे काही दिवस शेतात झोपत. मोठा येईल का, असे गावकरी येणाऱ्या-जाणाऱ्या अधिकाऱ्यांना विचारत. मग धक्के कमी झाले आणि माणसे परत जाड दगड-मातीच्या भिंतींच्या, माळवदाच्या घरांत झोपू लागली. ३० सप्टेंबर १९९३च्या पहाटे काय झाले ते तुम्हाला माहीत आहे. मामा त्यातच गेला. मावशी वाचली. म्हणून तिला यादीचा राग येतो: "तेव्हाही त्यांनी लिहून घेतलं होतं. लिहून काय झालं?"

तिच्या या प्रश्नाला मी दोन काळांत दोन उत्तरे दिली. जपानला आल्यावर पहिली काही वर्षे मी ठामपणे म्हणत असे की किल्लारीत यंत्रांचे असे दाट जाळे असते, प्रत्येक धक्का जागच्या जागी सगळ्यांना दिसत असता, तर लोक शेतातच राहिले असते. नोतोने ते उत्तर खोटे ठरवले. सुझूत जाळे होते, यादी होती, शास्त्रज्ञ होते, आणि तरीही माणसे घरात होती, कारण तीन वर्षे कुणी अंगणात राहू शकत नाही. मग काही महिने मी यादी पाहणेच सोडले आणि मावशीला म्हटले, तुझेच बरोबर. आता तेही मला पटत नाही. बहुतेक धक्क्यांच्या रांगा मोठ्या भूकंपाविनाच विरून जातात. प्रत्येक रांगेला गाव रिकामे करायचे ठरवले तर हा देश राहण्याजोगा उरणार नाही. पण रांग चालू असताना भिंती बळकट करायला, कपाटे बांधायला, जुने अंदाज पुन्हा मांडायला सवड असते. किल्लारीला जवळपास एक वर्ष मिळाले होते, सुझूला तीन. ती सवड चालू आहे हे लोकांना दिसत राहावे, एवढेच त्या यादीचे काम मी मानते. मावशी यावर म्हणते की गरिबाच्या घराची भिंत यादीने बळकट होत नाही, तिला पैसे लागतात. तिला यावर द्यायला माझ्याकडे उत्तर नाही.

सेन्सेई सध्या कानाझावात भाड्याच्या खोलीत राहतात, आणि सुझूला परत जाऊन त्याच जागेवर लहानसे घर बांधायचे म्हणतात. २०२४च्याच सप्टेंबरात त्या भागात अतिवृष्टी होऊन तात्पुरत्या घरांतही पुराचे पाणी शिरले, तरीही म्हणतात. त्यांनी मला पुन्हा तोच प्रश्न विचारला आहे. मी त्यांच्याबरोबर बसून नोतोची आतापर्यंतची नोंद महिन्यामहिन्याने पाहिली; संख्या पुष्कळ घटली आहे, शून्य झालेली नाही. मग आम्ही पायाची तपासणी, छताचे वजन आणि सरकारी मदतीचे अर्ज यांवर बोललो. जावे की जाऊ नये, हे मी त्यांना सांगितलेले नाही. तू सांगायलाच हवेस, असे मावशीचे म्हणणे आहे, आणि यावरून आमचे अजून रोज वाजते.