हीटरचं भोक: वरचा सांधा एकदाचा पोटापर्यंत भरला

भिंतीतलं हीटरचं भोक विटांनी बुजवायचं काम चालू आहे. खालच्या भोकाची बाहेरची पडदी (भिंतीच्या जाडीतला बाहेरचा अर्धा भाग) पूर्ण झाली. वरच्या सांध्यातली, म्हणजे शेवटचा नवा थर आणि त्यावरची जुनी वीट यांच्यामधली भेग या वेळी परत आलेली नाही, त्यामुळे आज बहुतेक त्याच सांध्याबद्दल.

मापं अशी: नऊ इंची भिंत, भोक 300 मिमी रुंद, 350 मिमी उंच. 75 मिमी विटेचे 4 थर आणि 10 मिमीचे 5 सांधे, म्हणजे हिशोब बरोबर जुळतो. दोन्ही पडद्या मिळून साधारण डझनभर विटा लागतात. तुटफुटीसाठी 15 जवळ ठेवा. दाते (नव्या विटा जुन्यांत गुंतवायला भोकाच्या कडेला ठेवलेल्या खाचा) काढताना जुन्या सांध्यात 6 मिमीच्या बिटने ओळीने भोकं पाडली आणि मग अरुंद छिन्नी चालवली, की शेजारची वीट हलत नाही. रुंद छिन्नी इथे नकोच, ती विटांचे कोपरे उडवते. आणि भोकातली जुनी करडी नळी ॲस्बेस्टॉस सिमेंटची असेल अशी शंका जरी आली, तरी तिला ग्राइंडर लावू नका.

आता भेग. बाहेरून दर्जा (सांध्याच्या तोंडाशी भरलेला माल) नीट भरलेली दिसायची, पण बारीक तार घातली की 60 मिमी आत जायची. कारण साधं आहे. शेवटचा थर बसल्यावर वरून माल टाकायला जागाच उरत नाही. बाहेरून दाबलेला माल मागच्या पोकळीत गळतो आणि तोंडाशी फक्त 25 मिमीचा पापुद्रा राहतो. त्यात वरची जुनी, कोरडी वीट त्यातलं पाणी शोषून घेते. माल आकसतो आणि विटेपासून सुटतो.

उपाय उलट्या बाजूने निघाला. बाहेरच्या तोंडाला रंधलेली फळी घट्ट टेकवायची आणि सांधा आतून ठासायचा. आतली पडदी अजून उभी नसल्याने हात आरामात पोचतो. फक्त दुसऱ्या थरातल्या हेडर विटेची (दोन्ही पडद्या जोडणाऱ्या आडव्या विटेची) शेपटी मध्ये येते, तिला धक्का लागू द्यायचा नाही. खालचे थर किमान एक रात्र बसू द्यायचे. मग जुनी वीट भिजवून, वरची चमक गेली की कामाला लागायचं. माल तोच 1:1:6 सिमेंट, चुना, वाळू, पण जवळजवळ कोरडा: मुठीत दाबल्यावर गोळा टिकला पाहिजे आणि तळव्याला पाणी सुटता कामा नये. 8 मिमी जाडीच्या लोखंडी पट्टीने एका वेळी 15 मिमी भरून हातोडीने ठासत यायचं. आवाज बद्द येतो तोवर माल अजून दबतोय. टणक आला की पुढचा घास. आता तार कुठेच शिरत नाही.

फोम भरून मोकळं होण्याचा सल्ला पटत नाही, फोम भार घेत नाही. न आकसणारं तयार ग्राउट (पाणी घालून ओतायचा सिमेंटचा माल) यंत्रांच्या पायासाठी उत्तम, पण चुन्याच्या मऊ भिंतीत ते फार कडक पडतं.

आतल्या पडदीला गिलावा येणार, म्हणून तिथे शेवटच्या थराच्या विटा 10 मिमी पातळ कापून वर 20 मिमीची फट ठेवायची. फरशीच्या तुकड्यांच्या पाचरी मारून तोच कोरडा माल ठासला की झालं. गिलाव्याआधी जुन्या-नव्याच्या जोडावर दोन्हीकडे 100 मिमी जाईल अशी जाळी. सात दिवस पाणी मारायचं, पण धार नको, ओलं गोणपाट बरं.

फळीच्या तंत्रात एक उणीव आहे: सांधा तोंडापर्यंत सपाट भरतो, आणि रंग जुळवून दर्जा भरायला तो पुन्हा खरवडावा लागतो. हे लिहिताना सुचलं, की फळीवरच 9 मिमी जाड, 15 मिमी रुंद पट्टी उभी ठोकली तर ती सांध्यात शिरून तेवढी खाच आपोआप राखेल. वरचं व्हेंटचं (हवेच्या झरोक्याचं) भोक आधी गिलाव्यानंतर घ्यायचं ठरलं होतं. आता ते आधी, आणि पट्टीवाली फळी तिथेच वापरायची. पट्टीला तेल लावावं लागेल, नाहीतर काढताना ती माल ओढून आणेल.