दहावीचा भूगोल: पेन्सिल हातात घेऊन करायचा अभ्यास

राज्य मंडळाचा दहावीचा भूगोलाचा पेपर ४० गुणांचा आणि दोन तासांचा. त्यातले १४ गुण नकाशा आणि आलेखाचे आहेत: नकाशा भरायला ४, नकाशा वाचनाला ४, आलेखाला ६. हे गुण पाठांतराने मिळत नाहीत, हाताला सवय लागली तरच मिळतात. तरीही बहुतेक घरांत मुलं पुस्तकातल्या भारत आणि ब्राझील या दोन देशांवरची उत्तरं घोकत बसतात आणि नकाशा शेवटच्या आठवड्यावर ढकलला जातो.

ब्राझीलचा कोरा आराखडा घेतला की आधी दोन रेषा पेन्सिलने फिक्या काढा: विषुववृत्त आणि मकरवृत्त. देशाचा विस्तार ५°१५' उत्तर ते ३३°४५' दक्षिण, म्हणजे विषुववृत्त अगदी वरच्या भागातून, ॲमेझॉनच्या मुखाजवळून जातं. ते नकाशाच्या मधोमध काढलं की पुढचं सगळंच सरकतं. मकरवृत्त साओ पावलोजवळून जातं. या दोन रेषा बसल्या की बाकीची ठिकाणं आपोआप जागेवर येतात. माराजो बेट ॲमेझॉनच्या मुखाशी. मॅनॉस शहर तिथून बरंच आत पश्चिमेला, साधारण ३° दक्षिणेवर, जिथे निग्रो नदी ॲमेझॉनला मिळते. सगळ्यात जास्त चुकते ती साओ फ्रान्सिस्को. ही नदी उच्चभूमीतून निघून आधी बरंच अंतर उत्तरेकडे वाहते आणि मग पूर्वेला वळून अटलांटिकला मिळते. मुलं तिला सरळ पूर्वेकडे नेतात. शेवटी सूची करायला विसरू नका आणि नकाशा उत्तरपत्रिकेला जोडलाय ना, तेही बघा.

आलेखात गोंधळ होतो तो प्रमाणाचा. समजा भारताच्या नागरी लोकसंख्येची टक्केवारी दिली आहे: १९९१ मध्ये २५.७, २००१ मध्ये २७.८, २०११ मध्ये ३१.२. उभ्या अक्षावर १ सेमी = ५ टक्के घेतलं, तर १ मिमी म्हणजे अर्धा टक्का. मग २५.७ साठी साधारण ५१ मिमी, ३१.२ साठी ६२ मिमी. १ सेमी = १० टक्के घेतलं तर पहिल्या दोन स्तंभांत जेमतेम २ मिमीचा फरक उरतो, वाढ डोळ्यांना दिसतच नाही. सुरुवात शून्यापासून, स्तंभांची रुंदी आणि त्यांतलं अंतर सारखं. शीर्षक, प्रमाण आणि दोन्ही अक्षांची नावं आधी लिहा, स्तंभ नंतर.

वेळेचं गणित सोपं असूनही चुकतं. भारताची प्रमाणवेळ ८२°३०' पूर्व रेखावृत्ताची, ब्राझीलच्या राजधानीची, ब्राझीलियाची, ४५° पश्चिमची. एक पूर्व आणि एक पश्चिम, म्हणून अंशांची बेरीज करायची, वजाबाकी नाही: १२७°३०'. प्रत्येक अंशाला ४ मिनिटं, म्हणजे ५१० मिनिटं, साडेआठ तास. ब्राझील पश्चिमेला असल्यामुळे तिथली वेळ मागे. भारतात सकाळचे १० वाजले असतील तर ब्राझीलियात रात्रीचा दीड.

‘भौगोलिक कारणे लिहा’ या प्रश्नात एका कारणाला ३ गुण. इथे माहिती ओतायची नाही, साखळी जोडायची. ब्राझीलच्या ईशान्य भागात अवर्षण चतुष्कोन, म्हणजे कमी पावसाचा चौकोनी प्रदेश, का? समुद्रावरून येणारे वारे किनाऱ्यालगतच्या उच्चभूमीच्या कड्याला अडतात. त्यामुळे किनारपट्टीवर प्रतिरोध पाऊस पडतो. पलीकडे उतरताना वारे कोरडे झालेले असतात, म्हणून तो भाग पर्जन्यछायेत येतो. तीन दुवे, तीन मुद्दे. ‘तिथे पाऊस कमी पडतो’ एवढंच लिहिणं म्हणजे प्रश्नच पुन्हा लिहिणं. ॲमेझॉनच्या खोऱ्यात लोकवस्ती विरळ का, याची साखळी स्वतः जुळवून पाहा: विषुववृत्तीय हवामान, वर्षभर पाऊस, घनदाट वर्षावनं, दुर्गमता, वाहतुकीच्या मर्यादा.

भारत-ब्राझील तुलना विचारली तर एक देश संपवून मग दुसरा असं लिहू नका. हवामान घ्या, दोन्ही देश एका वाक्यात मांडा, मग पुढच्या मुद्द्याकडे वळा.