गॅस संपला म्हणून कच्च्या टोमॅटोचा पास्ता

बुधवारी रात्री पावणेनऊला घणसोली स्टेशनला उतरले आणि रूममेटचा मेसेज आला, गॅस संपलाय, सिलिंडर शनिवारी येणार. मे महिना, ठाण्याहून ट्रान्स हार्बरला उभ्याने आलेली, बाहेरचं तेलकट नको वाटत होतं आणि घरात काय तर एक इंडक्शन, पेने पास्त्याचं अर्धं पाकीट आणि लसूण.

आता इंडक्शन एकच म्हणजे एकतर पास्ता उकळा नाहीतर सॉस करा. तसाही माझा नेहमीचा पास्ता म्हणजे कांदा, आलं-लसूण, टोमॅटो प्युरी, वर ढीगभर चीज, खरं सांगायचं तर पावभाजीच्या भाजीत घातलेला पास्ता, तासभर जातो त्यात. मग आठवलं की दक्षिण इटलीत उन्हाळ्यात सॉस शिजवतच नाहीत, टोमॅटो कच्चेच चिरून तेल-मिठात मुरवतात आणि गरम पास्ता त्यात ओततात. क्रूदो म्हणजे कच्चं, म्हणून त्याचं नाव क्रुदायोला.

स्टेशनबाहेर मावशींकडे दोन प्रकारचे टोमॅटो होते, एक ते लांबट टणक, जाड सालीचे, ट्रकमधून कितीही लांब पाठवा काही होत नाही असे, आणि दुसरे गावठी, चपटे, खाचा पडलेले. म्हटलं मावशी आत्ताच खायचेत, तर म्हणाल्या मग हे गावठीच ने, उद्यापर्यंत टिकायचे नाहीत. अर्धा किलो घेतले.

पहिल्या दिवशी सगळं चुकलं. टोमॅटो चिरून ठेवले पण मीठ घातलं नाही, कारण डोक्यात आईचं वाक्य फिट बसलंय, कोशिंबिरीला मीठ आयत्या वेळी घालायचं, नाहीतर पाणी सुटतं. ऑलिव्ह ऑइल नव्हतं म्हणून घाण्याचं शेंगदाणा तेल घातलं, त्याचा वास बाकी सगळ्याच्या वर. आणि पास्ता चाळणीत ओतून वरून गार पाणी मारलं, नूडल्सची सवय. टोमॅटो एकीकडे, पास्ता एकीकडे, एकमेकांशी बोलायलाच तयार नाहीत. रूममेट म्हणाली चव बरी आहे गं, मटकी घाल, भेळ होईल.

गुरुवारी ऑलिव्ह ऑइलची सगळ्यात छोटी बाटली आणली (महाग आहे, पण इथे तेल कच्चंच खायचंय त्यामुळे तिथे कंजूसपणा नको) आणि आईचा नियम उलटा केला. घरी आल्या आल्या, हातपाय धुवायच्याही आधी, टोमॅटो चिरले, पाऊण चमचा मीठ, ठेचलेली एकच लसूण पाकळी, तीन चमचे तेल, झाकून ठेवलं. वीस मिनिटांनी बघते तर बाउलच्या तळाशी बोटभर रस, गुलाबीसर, वर तेलाचे थेंब तरंगतायत. कोशिंबिरीत जे पाणी आपल्याला नको असतं तेच इथे सॉस. चमच्याने चाखलं आणि दोन-तीन चमचे तसेच प्यायले.

तोवर दोन लिटर पाणी उकळलं होतं. शंभर ग्रॅम पास्त्याला एक लिटर पाणी आणि दहा ग्रॅम मीठ असा हिशोब, म्हणजे दोघींच्या दोनशे ग्रॅमला जवळजवळ चार चमचे मीठ, घालताना हात थरथरतो पण बरंचसं पाण्याबरोबर जातंच. त्या पाण्यात तेल मात्र अजिबात घालू नका, पास्ता बुळबुळीत होतो आणि रस धरत नाही. पाकिटावर अकरा मिनिटं लिहिलेली, मी दहाव्याला काढला, दाताखाली जरा लागेल असा. हा पास्ता ड्युरम गव्हाचा, म्हणजे आपला बन्सी रवा ज्याचा असतो तोच कडक पिवळसर गहू, म्हणून लगेच लगदा होत नाही. गार पाणी नाही मारलं, उलट उकळलेलं गढूळ पाणी अर्धी वाटी काढून ठेवलं, त्यातल्या स्टार्चमुळे रस आणि तेल एकजीव होतं. सगळं बाउलमध्ये ओतून मिनिटभर नुसतं हलवत राहिले, आधी पाणचट दिसतं, घाबरायचं नाही, मग अचानक प्रत्येक पेनेवर चकचकीत थर बसतो.

बेझिल विकत नाही आणलं. फालुद्यासाठी आणलेला उरलेला सब्जा मी कुंडीत टाकला होता, त्याचंच झाड म्हणजे बेझिल, आपल्याकडच्याचा वास थोडा बडीशेपेकडे जातो एवढंच. पानं तोडताना रूममेट ओरडली, अगं तुळस काय घालतेस पास्त्यात! तिला सांगितलं तुळशीची चुलत बहीण आहे ही. तरी तिने आपल्या ताटलीतली पानं बाजूला काढून ठेवली, खालचा रस मात्र सकाळच्या पावाने पुसून खाल्ला.

चीज कुणालाच आठवलं नाही. सव्वानऊला घरात शिरले होते, दहाला भांडीसुद्धा घासून झाली, पातेलं आणि बाउल, बस.

शनिवारी सिलिंडर आला. मंगळवारी परत हाच पास्ता केला, या वेळी गॅसवर, आणि दुसरी शेगडी रिकामी बघवेना म्हणून तिच्यावर चहा ठेवला.