तुम्ही विचारलंत म्हणून: चिनी चित्रं आणि आमची मावशी

बॉस्टनला आमच्याकडे जो कोणी येतो त्याला मी म्युझियम ऑफ फाइन आर्ट्सला नेतेच, आणि वेंग या चिनी घराण्याने तिथे दिलेल्या चित्रांची गोष्ट सांगून झाली की प्रश्न ठरलेला असतो, "अगं पण सहा पिढ्या सांभाळलेला ठेवा असा देऊन कसा टाकला?" मागच्या वेळी मावशीनंही हेच विचारलं, म्हणून एकदाचं लिहूनच टाकते.

तर वेंग मंडळी मूळची चांगशूची, म्हणजे शांघायपासून फार लांब नाही. त्यातले वेंग थोंगह हे दोन बादशहांचे गुरुजी, शिवाय चित्रांचा भयंकर नाद. 1875 मध्ये बीजिंगमध्ये त्यांच्यापुढे एक गुंडाळी आली, यांगत्सी नदीची, वांग हुई या चित्रकाराने 1699 मध्ये काढलेली, उलगडली तर 16 मीटर भरते! वांग हुई पण चांगशूचाच, म्हणजे गाववाला. गुरुजींनी घर घ्यायला बाजूला ठेवलेले पैसे या चित्रात घातले. मावशी इथे थांबली. "घराचे?" हो, घराचे. (आमच्याकडे असं केलं असतं तर पुढच्या तीन पिढ्या तेच ऐकवलं असतं.)

ही चित्रं भिंतीवर लावायची नसतातच मुळी. आपण पोथी बासनात बांधून ठेवतो तशी पेटीत ठेवायची, चार दर्दी मित्र आले की काढायची, मग उजवीकडून डावीकडे हातभर उलगडायचं आणि बघून झालेला भाग गुंडाळत जायचं, म्हणजे नदी आपल्या हातातून पुढे सरकते. आणि शिक्के! शिवाजी महाराजांच्या पत्राच्या शेवटी 'मर्यादेयं विराजते' असा शिक्का असायचा, म्हणजे मजकूर संपला, पुढे कोणी काही घुसडायचं नाही. इथे उलटं, ज्याच्या हातात चित्र येईल तो आपला लाल शिक्का मारणार, वर दोन ओळी पण लिहिणार. मला आधी ही विद्रूप करायची हौस वाटायची, आता मी आधी शिक्केच बघते.

वारसा पुढे आला वेंग वानगो यांच्याकडे, ते दोन वर्षांचे असताना! 1938 मध्ये ते अमेरिकेला इंजिनिअरिंग शिकायला आले (ओळखीचं वाटतंय ना?), मग कलेकडे वळले. 1948 मध्ये चीनमध्ये यादवी पेटलेली असताना त्यांनी हा सगळा ठेवा पेट्यांत भरून जहाजाने न्यूयॉर्कला आणला. पुढे न्यू हॅम्पशायरमधल्या एका लहान गावात राहिले, मधूनमधून प्रदर्शनांना चित्रं द्यायचे, 2009 मध्ये कॅलिफोर्नियात हंटिंग्टन नावाच्या संग्रहालयात बरीच मांडली होती. आणि 2018 मध्ये, वयाच्या शंभरीत, यांगत्सीची गुंडाळी बॉस्टनला दिली आणि वर्ष संपायच्या आत आणखी 183 वस्तू. चीनमध्ये यावरून टीका झाली, आपल्या देशाचं आपल्या देशाला का नाही म्हणून. पण घराण्याची 80 दुर्मिळ पुस्तकं 2000 मध्येच शांघायच्या ग्रंथालयाकडे गेली होती, हे कोणी सांगत नाही.

तर देऊन का टाकला? माझं मत विचाराल तर वाटणीची भीती. एकाने नदी घ्यायची, दुसऱ्याने डोंगर, तिसऱ्याने विकून फ्लॅट घ्यायचा, हे आपल्याला काय नवीन आहे. आमच्या आजोबांची पितळी भांडी चार घरांत गेली, आता एकही सेट पुरा नाही. इथे एका जागी तरी आहे, माळ्यावर कुजत नाही.

तेवढं एक लक्षात ठेवा, ही चित्रं कायम मांडलेली नसतात, उजेडाने कागद आणि रेशीम खराब होतं म्हणून काही महिन्यांनी परत अंधारात जातात, तेव्हा यायच्या आधी मला फोन करा. मावशीचं नशीब चांगलं, तिला बघायला मिळाली. एक इवलीशी होडी शोधत काचेवर इतकी वाकली की गार्डने येऊन मागे व्हायला सांगितलं, आणि तिने मराठीतच त्याला होडी दाखवली.