तीन खिळे आणि बाराशे रुपये

गेल्या रविवारी सकाळी सात वाजता आर. के. नगरच्या पुढे एका मोकळ्या रस्त्याच्या कडेला आम्ही अकरा जण ट्रायपॉड घेऊन उभे होतो. फिरायला निघालेले एक आजोबा थांबले.

"काय वो, रस्ता रुंद हुणार हाय काय?"

नाही म्हटलं. मग त्यांनी डोळे बारीक केले. "मग हद्दवाढ?"

कोल्हापुरात ट्रायपॉड दिसला की माणसाला या दोनच गोष्टी सुचतात. मी म्हटलं, "आजोबा, मशीन तपासतोय. वर्षातनं एकदा तपासतो."

"बिघडलंय व्हय?"

"तेच तर बघायचंय."

त्यांना काही ते पटलं नाही. मान हलवत पुढे गेले.

मी खासगी सर्व्हेअर. प्लॉट, लेआउट, रस्ते, विहिरी, जे येईल ते मोजते. आयटीआयचा दोन वर्षांचा सर्व्हेअर ट्रेड केला तेव्हा वर्गात आम्ही दोघीच मुली होतो. शेतावर गेलं की अजूनही एखादा मामा विचारतो, "ताई, सायेब मागनं येणार हायत न्हवं?" त्याचं आता काही वाटत नाही. मशीन लावून काम सुरू करते, मामा आपोआप छत्री धरतात.

आमची जिल्ह्यातल्या सर्व्हेअरची एक छोटी संघटना आहे. वर्गणी वर्षाला बाराशे रुपये. पहिली पाच वर्षं मी ती भरली नाही, कारण कार्यक्रमाला गेलं की फेटे, शाल-श्रीफळ, आणि माइक हातातून न सोडणारे तीन वक्ते. अजूनही ते आहेच. वर्धापनदिनाला मी जेवणाच्या वेळेलाच जाते, हे इथे लिहून टाकते म्हणजे कुणी मागून बोलायला नको.

वर्गणी भरायला लागले ती एका भिंतीमुळे.

शहराच्या कडेला एका कॉलनीत बंगल्याचा प्लॉट होता, समोरची बाजू साठ फूट. कंपाउंडच्या पायासाठी कोपरे दाखवायचे होते. माझा प्रिझम, म्हणजे कोपऱ्यावर काठीला लावून धरायची, मशीनचा प्रकाश परत पाठवणारी काच, आदल्या दिवशी पडून फुटला होता, म्हणून ओळखीतल्या एकाचा मागून आणला. मशीन प्लॉटच्या मधोमध लावलं, दोन्हीकडचे कोपरे दिले, पैसे घेतले, घरी आले. आठ दिवसांनी मालकाचा फोन. दोन थर बांधकाम वर आलंय आणि शेजारी टेप घेऊन उभा आहे. म्हणतो, माझ्यात आलात. किती? तर दोन बोटं. दुसऱ्या बाजूचा शेजारीही मग टेप घेऊन आला. त्याच्याकडेही दोन बोटं.

रात्री झोप नाही. कागद पुन्हा तपासला, आकडेमोड पुन्हा केली, चूक सापडेना. शेवटी संघटनेतल्या एका दादांना फोन लावला. वर्गणी भरत नव्हते, तरी लावला. त्यांनी दोनच प्रश्न विचारले.

"दोन्ही बाजूला सारखंच गेलंय?"

"हो."

"प्रिझम कुणाचा?"

तिथेच सगळं कळलं. प्रिझमच्या काचेत प्रकाश हळू जातो, शिवाय काचेचा मध्य काठीच्या बरोबर वर असेलच असं नाही. म्हणून प्रत्येक प्रिझमची एक दुरुस्ती मशीनमध्ये भरावी लागते. माझ्या फुटलेल्या प्रिझमची होती उणे 30 मिलिमीटर. मागून आणलेल्याची शून्य. मी सेटिंग बदललंच नाही. मशीन प्रत्येक अंतर तीन सेंटिमीटर कमी सांगत होतं आणि मी कोपरा तेवढाच पुढे सरकवत होते. बांधकाम पाडायचा आणि पुन्हा उभारायचा खर्च मी दिला. त्या महिन्याची कमाई त्यात गेली.

पुढच्या रविवारी त्याच दादांनी मला या रस्त्यावर आणलं आणि तीन खिळे दाखवले. संघटनेने ते काँक्रीटमध्ये पक्के बसवलेत, एका सरळ रेषेत. पहिल्यापासून दुसरा 40 मीटर, दुसऱ्यापासून तिसरा 60. आधी सलग मोजायचं, पहिला ते तिसरा. मग तुकड्यांनी. माझ्या मशीनवर तो प्रिझम तसाच ठेवून मोजलं: सलग 99.970. तुकडे 39.970 आणि 59.970, बेरीज 99.940. सलग मोजताना चूक एकदा शिरते, तुकड्यांत दोनदा. म्हणून दोन उत्तरांतला फरक हीच मशीनची चूक. 30 मिलिमीटर, अगदी तेवढीच. यासाठी खरं अंतर माहीत असायचीसुद्धा गरज नाही, तिन्ही खिळे एका ओळीत असले की झालं. आयटीआयत हे शिकवलं होतं. पण खिळे ठोकायला जागा, सिमेंट आणि दरवर्षी सगळ्यांना गोळा करणारा माणूस कोण देणार? तिथेच उभ्या उभ्या मी मागच्या वर्षांची वर्गणीसुद्धा भरली.

दुसरी गोष्ट नानांची. नाना भूमी अभिलेख खात्यातून निमतानदार म्हणून निवृत्त झाले. दर महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी लक्ष्मीपुरीतल्या एका दुकानाच्या माडीवर ते आम्हाला टिपण, म्हणजे जुन्या सरकारी मोजणीचा कागद, वाचायला शिकवतात. माझे वडील त्याच खात्यात साखळी ओढायचे, त्यामुळे शंकू-साखळी हे शब्द घरातलेच. साखळी 33 फुटांची, तिचे आणे सोळा. एक साखळी लांब, एक साखळी रुंद म्हणजे एक गुंठा, 1,089 चौरस फूट. असे चाळीस गुंठे म्हणजे एकर. हे मला पाढ्यांसारखं पाठ होतं. पण नानांनी एकदा फळ्यावर एक आणा मीटरमध्ये करून दाखवला: जवळजवळ 63 सेंटिमीटर. मग पोरांकडे वळून म्हणाले, "टिपणात आकडा लिहिलाय आण्यात. तुम्ही दशांशाच्या पुढं तीन घरं कुणाची काढताय?"

माडीवर एकदम शांतता. खालच्या दुकानातला तराजू तेवढा ऐकू येत होता.

मशीन मिलिमीटर दाखवतं म्हणून हद्द मिलिमीटरला कळली असं होत नाही, हे मी गिऱ्हाइकाला सांगायला लागले ते त्या शनिवारनंतर. दोन भावांच्या मधल्या बांधावर उभं राहून हे सांगायला जिवावर येतं. दोघांनाही आकडा हवा असतो, तो पण आपल्या बाजूचा. म्हणून आम्ही एक पानी मराठी कागद केला. नकाशासोबत तो द्यायचाच. त्यात साफ लिहिलंय की ही खासगी मोजणी आहे, वाद असेल तर उपअधीक्षक भूमी अभिलेख कार्यालयात हद्द कायम मोजणीचा अर्ज करा, खरी मानली जाईल ती त्यांच्या मोजणी नकाशाची 'क' प्रत. या कागदावर आमच्यात भांडणं झाली. "आपणच आपल्या पोटावर पाय का आणायचा?" असं एक जण म्हणाला. मला विचाराल तर हा कागद नसता तर 2019 आणि 2021 च्या पुरानंतर आमची पंचाईत झाली असती. पंचगंगेकाठी बांध गाळाखाली, हद्दीचे दगड कुठल्या कुठे. लोक म्हणायचे, तुम्हीच दगड रोवून द्या. आम्ही तात्पुरत्या खुणा करून दिल्या आणि हातात कागद ठेवला.

दराचा प्रश्न मात्र संघटनेला सुटलेला नाही. पाचशे रुपयांत प्लॉट मोजून देणारे आहेत, आणि त्यातले दोघे आमचे सभासदच आहेत. ठराव होतात, चहा होतो, पुढच्या आठवड्यात पुन्हा पाचशे. पलीकडे निपाणीकडे कर्नाटकात सरकारी परवाना असलेले सर्व्हेअर आहेत, जमिनीचा तुकडा पाडताना लागणारे 11-ई नकाशे ते करतात. आपल्याकडेही परवान्याच्या गोष्टी निघतात तेव्हा बैठकीला गर्दी होते. खिळ्यांच्या रविवारी अकराच जण.

त्या अकरांत परवा एक नवा पोरगा होता. जुनं मशीन घेतलंय, हप्ते चालू आहेत. त्याने तीनदा मोजलं, तिन्हीदा फरक 17 मिलिमीटर. चेहरा उतरला. बाजूला जाऊन फोनवर काहीतरी बोलला, परत आला आणि हळूच म्हणाला, "ताई, या मशीनवर तीन पाये दिलेत. एकाची भिंत कमरेपर्यंत आलीय."

दुसरा पाया कळंब्याकडे, तिसरा उचगावला. मंगळवारी दोघं जातोय, माझं मशीन घेऊन.