लाल की हिरवी?

परदेशी शिकायला निघालेल्या मुलीची बॅग २३ किलोच्या वर जाता कामा नये, हे विमान कंपनीचं म्हणणं. त्यातले तीन किलो कांदा-लसूण मसाल्याचे असलेच पाहिजेत, हे आईचं. दोन पुस्तकं निघाली, एक स्वेटर निघाला, मसाला राहिला. संकेश्वरी आणि ब्याडगी उन्हात कडकडीत वाळवून, डंकावर कांडून आणलेला. दुहेरी पिशवी, वर चिकटपट्टी, तिच्यावर जुन्या साडीचा तुकडा. शिकागोच्या विमानतळावर कुणी ती गाठ सोडली असती, तर अख्खी रांग शिंकली असती. कुणी सोडली नाही.

खरं तर मिरची मूळची त्याच खंडातली. मेक्सिकोत ती हजारो वर्षं खाल्ली जात होती. आपल्याकडे पोचली ती पोर्तुगीजांच्या गलबतांतून, फार तर पाचशे वर्षांपूर्वी. ज्ञानेश्वरांच्या आळंदीत हिरव्या मिरचीचा ठेचा नव्हता, मिरी आणि पिंपळीवर भागवावं लागत होतं. एकादशीच्या ताटाची गंमत तर त्याहून मोठी. साबुदाणा आपण ज्या कंदाचा करतो तो दक्षिण अमेरिकेतला, शेंगदाणा तिकडचा, बटाटा तिकडचा, रताळं तिकडचं, मिरचीही तिकडचीच. त्या ताटात आपलं काय, तर साजूक तूप आणि उपवास.

असा हा माल घेऊन मी मिरचीच्याच खंडात उतरले ती इलिनॉयमध्ये. चहूबाजूंना मका आणि सोयाबीन, मधे आमचं विद्यापीठ. तिथल्या मेन्यूकार्डावर पदार्थापुढे लाल मिरचीचं चित्र असलं, तर आचाऱ्यानं भांड्यात काळी मिरी दाखवली असेल एवढंच समजायचं. थाई हॉटेलात तिखटाला एक ते पाच असे आकडे असतात. मी ‘पाच’ म्हटलं की वेट्रेस पेन थांबवून विचारायची, ‘नक्की?’ माझी रूममेट तेलुगू, गुंटूरची. गुंटूरपुढे कोल्हापुरानं जरा बेतानंच बोलावं, हे मी पहिल्याच आठवड्यात शिकले. ती तर आकडा सांगायच्या भानगडीतच पडत नसे. पर्समधून स्वतःची डबी काढायची.

पण डबी बाळगणारे आम्हीच नव्हतो. आमच्या लॅबमध्ये एक मुलगा न्यू मेक्सिको राज्यातला. सुट्टी संपवून परतताना तो बर्फाच्या पेटीत भाजलेल्या हिरव्या मिरच्या घेऊन यायचा, वर्षभराची बेगमी म्हणून. हे ऐकल्यावर मला तो एकदम गाववाला वाटायला लागला. त्यानंच सांगितलं की त्याच्या राज्यात मिरचीचे चक्क ठराव आणि कायदे आहेत. १९६५ साली तिला राज्याची अधिकृत भाजी केलं (सोबत घेवड्यालाही, बिचारा एकटा पडू नये म्हणून असेल). पुढे राज्याला एक अधिकृत प्रश्नही मिळाला: ‘लाल की हिरवी?’ हॉटेलात बसलं की हाच प्रश्न येतो. दोन्ही हव्या असतील तर ‘क्रिसमस’ म्हणायचं. आणि २०२३ साली विधिमंडळानं राज्याचा अधिकृत सुगंध जाहीर केला, हिरवी मिरची भाजतानाचा. अमेरिकेत दुसऱ्या कुठल्याही राज्यानं तोवर असा सुगंध नेमलेला नव्हता. आपल्या विधानसभेनं झुणक्याच्या वासावर असा ठराव आणला, तर मी विरोधी पक्षालाही मत देईन.

सप्टेंबरच्या पहिल्या सोमवारी तिकडे कामगार दिनाची सुट्टी असते. तिला मंगळवारच्या तासाची दांडी जोडली आणि न्यू मेक्सिकोला जायला शिकागोहून साउथवेस्ट चीफ ही आगगाडी धरली. ही गाडी पुढे लॉस एंजेलिसला जाते. वाटेत न्यू मेक्सिकोतल्या अल्बुकर्की शहरात दुसऱ्या दिवशी दुपारनंतर सोडते. संध्याकाळी मिसिसिपी ओलांडली, रात्रीत कॅन्सस संपलं, उजाडल्यावर कोलोरॅडोची कोरडी माळरानं, मग रेटन पासचा चढ. आमच्या डब्यात घरचं खाणारे दोघंच: मी आणि एक अमिश, म्हणजे जुन्या साध्या चालीनं राहणाऱ्या ख्रिस्ती पंथाचं, कुटुंब. काळी टोपी, पांढरं बॉनेट, मांडीवर वेताची टोपली. आजींनी माझ्या दशमीचा तुकडा शेंगदाण्याच्या चटणीला लावून खाल्ला, पाणी प्यायल्या, पुन्हा पाणी प्यायल्या आणि मला जाड लोणी लावलेला पाव दिला. त्यांचं काही चुकलं नाही.

अल्बुकर्कीला आमच्या शेजारच्या काकूंची सून राहते. वहिनी स्टेशनवर आल्या त्या गाडी घराकडे न वळवता सरळ एका किराणा दुकानाच्या पार्किंगमध्येच घेऊन गेल्या. ‘आधी मिरच्या, मग चहा. ओळ वाढते.’

ओळ खरंच मोठी होती. पुढे लोखंडी जाळीचा एक आडवा पिंप, खालून गॅसच्या ज्वाळा भर्रकन लागलेल्या. हॅच या मिरचीच्या गावाकडून आलेलं पोतं त्यात रिकामं करायचं आणि पिंप फिरवायचा. आधी नुसता खडखडाट. मग सालींवर फोड येतात, फुटतात, काळी पापुद्री जाळीतून उडून भाजणाऱ्याच्या टोपीवर बसते. चार-पाच मिनिटांत सगळा ढीग मऊ पडलेला. तो तसाच वाफाळता पिशवीत भरून तोंड बांधून देतात. घरी जाईपर्यंत आतल्या आत घाम सुटून साल सुटी होते. वाऱ्याचा झोत फिरला आणि मला असा ठसका लागला की डोळ्यांतून पाणी. इलिनॉयला माझ्या फोडणीनं इमारतीचा अलार्म वाजतो आणि जिने भरून माणसं खाली उतरतात. इथं ओळीतल्या एकानंही मान वळवली नाही.

आमचा नंबर आल्यावर वहिनींनी पर्समधून भरताची दोन वांगी काढली. भाजणाऱ्यानं वांग्यांकडे पाहिलं, मग वहिनींकडे. ‘मॅडम, गेल्या वर्षीही सांगितलं होतं. आत फुटतील.’

‘विचारायला काय जातंय,’ वहिनी मला मराठीत म्हणाल्या.

वांगी घरी गॅसवर भाजली, पण भरतात मिरच्या त्या पिंपातल्याच. धुरकट, गोडसर, मांसल. अप्रतिम झालं होतं. तिखट मात्र नव्हतं. मी तसं चाचरत बोलल्यावर वहिनी म्हणाल्या, ‘अगं, ही भाजीच आहे.’ म्हणजे १९६५ च्या आमदारांचं बरोबरच होतं!

यामागे एक माणूस आहे. फाबियान गार्सिया, मेक्सिकोत जन्मलेला, लहानपणीच पोरका झालेला, पुढे न्यू मेक्सिकोतल्याच लास क्रुसेसच्या कृषी महाविद्यालयातला मोठा बागायततज्ज्ञ. गावागावांतल्या वेड्यावाकड्या, कधी जहाल तर कधी मवाळ मिरच्यांतून त्यानं वर्षानुवर्षं निवड करत एकसारखी, लांब, गुळगुळीत, डब्यात भरायला सोयीची आणि मुद्दाम कमी तिखट अशी ‘न्यू मेक्सिको नंबर ९’ काढली. साल १९२१. मिरचीला बिचकणाऱ्या गोऱ्यांनीही ती खावी, हा हिशेब. तो बरोबर ठरला, हे त्या ओळीत दिसतच होतं. तरी तिखट कमी करण्यासाठी एवढी वर्षं खर्चणारा मिरचीतज्ज्ञ आमच्याकडे निपजला असता, तर त्याला गावात मुलगी कुणी दिली असती असं वाटत नाही.

लाल ही त्याच झाडाची, पिकू दिलेली आणि वाळवलेली. दुसऱ्या दिवशी वहिनींनी एका जुन्या हॉटेलात नेलं. निळ्या मक्याच्या पोळ्या, रंगानं थेट बाजरीची भाकरी; एकीवर एक रचलेल्या, वर अंडं, आणि सगळ्यावर लाल मिरचीचा दाट रस्सा. भिजवून वाटलेली मिरची, लसूण, मीठ. टोमॅटो नाही, साखर नाही. हा रस्सा जिभेवर सावकाश चढतो आणि मग बसून राहतो. सोबत चौकोनी, टम्म फुगलेली सोपाइपिया येते. तिचा कोपरा फाडून आत मध ओतायचा, म्हणजे तोंडाची आग शमते. माझं ठरलं: लाल. वहिनी पक्क्या हिरव्यातल्या. घरी परतेपर्यंत आमचं त्यावरच चाललं होतं.

पुढच्या हिवाळ्यात मैत्रिणींच्या गाडीतून ॲरिझोनाला गेले, तेव्हा टूसॉनच्या बाजारात चिल्टेपिन सापडली. वाटाण्याहून लहान, गोल, लालभडक. ही रानमिरची म्हणजे ब्याडगी आणि ढोबळी मिरची ज्या एका जातीत मोडतात, तिचंच जंगली रूप. मेक्सिकोच्या सीमेलगतच्या डोंगरांत झुडपांच्या सावलीला वाढते. पक्ष्यांना तिचा तिखटपणा जाणवत नाही, ते फळ अख्खं गिळतात आणि बी दूरवर टाकतात. उंदरासारखे बिया चावून फोडणारे प्राणी मात्र तिच्या वाटेला जात नाहीत. माणूस दोन्हींत बसत नाही. हातानं वेचावी लागते म्हणून चिमूटभराची पुडीही महाग. व्हिडिओ कॉलवर आईला दाखवली, तर तिनं किंमत विचारली आणि मग बराच वेळ फक्त किमतीवरच बोलली.

अर्धी पुडी रूममेटला दिली. तिनं तीन दाणे एकदम चावले. गुंटूर काही क्षण गप्प होतं, मग उठून फ्रिजमधलं दही काढून चमच्यानं खायला लागलं. उरलेल्यांतल्या बिया तिनं कागदावर काढून खिडकीतल्या कुंडीत पेरल्या आहेत. रोज पाणी घालते, माती उकरून बघते. अजून एकही रुजलेली नाही. तिचं म्हणणं, पक्षी हवा.